'एस' गेला कुठे?

मंडळी, आजचा विषय कळल्यावर आमच्या घरातलीच निम्मी माणसं उठून जातील याची मला कल्पना आहे. व्याकरण! आणि तेही इंग्रजीचं! पण घाबरू नका, आज शिकवणी घेत नाहीये. निवृत्त मास्तराची खोड म्हणा हवं तर, पण आज एका वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. वाक्य एवढंसं आहे. 'ही डज नॉट गो.' म्हणजे, तो जात नाही.

किल्ल्यांचा इतिहास असतो, घराण्यांचा असतो, तसा वाक्यांचाही असतो. या चार शब्दांपायी डोंगरातल्या किती पोरांनी छड्या खाल्ल्या, किती जणांनी 'आपल्याला इंग्रजी जमत नाही' असं स्वतःच ठरवून टाकलं, याची नोंद कुठल्याच बखरीत नाही. म्हणून हा लेख.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मी मूळचा शहादा तालुक्यातला. शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए. नोकरीची बरीचशी वर्षं सातपुड्यात गेली आणि त्यातली काही तोरणमाळला. इंग्रजी हा काही माझा खास विषय नव्हता. पण डोंगरातल्या शाळेत असं कोण विचारतो? जो हजर असेल तो इंग्रजीचा मास्तर!

तोरणमाळ आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत निघायचं आणि सात पायरीचा घाट चढून वर यायचं. ११०० मीटरच्या वरची उंची. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ, महाशिवरात्रीची यात्रा. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की वर्गातल्या शेवटच्या रांगेला फळा दिसत नाही. १ जुलै १९९८ पासून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेशात.

वर्गातली मुलं बहुतेक पावरा आणि भिल्ल समाजाची. घरात त्यांची स्वतःची बोली. बाजाराला खाली उतरलं की अहिराणी आणि हिंदी कानावर पडायची. शाळेत मराठी. आणि या सगळ्याच्या वर इंग्रजी. पुण्यातलं पोर इंग्रजी शिकतं तेव्हा ती त्याची दुसरी नाहीतर तिसरी भाषा असते. आमच्या पोरांची चौथी किंवा पाचवी. आता सांगा, भाषेच्या बाबतीत मागासलेलं कोण?

असो. वर्गात यायचं तर ते असं. आधी 'आय गो, यू गो, दे गो' शिकवायचं. मग 'ही' आणि 'शी' आले की क्रियापदाला 'एस' लावायचा. 'ही गोज, शी ईट्स.' हे घोकून घोकून पक्कं व्हायला एक सहामाही जायची. ते पक्कं झालं की पुढचा धडा, नकारार्थी वाक्यं. मी फळ्यावर लिहायचो, 'ही गोज.' आणि म्हणायचो, "आता याचं नाही करा."

पाट्यांवर तीन प्रकारची उत्तरं यायची. 'ही नॉट गो.' 'ही डू नॉट गो.' आणि जी मुलं सगळ्यात मन लावून शिकत, त्यांचं 'ही डज नॉट गोज.' बघा हं, या शेवटच्या पोराने एकही नियम मोडलेला नाही! 'ही' आला की 'एस' लावायचा, हे त्याला पढवलेलं. त्याने दोन्हीकडे लावला. लाल शाईची फुली मात्र त्यालाच.

एका वर्षी एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, आधी तुम्हीच 'एस' लावायला लावला. आता नाही म्हटलं की 'एस' काढ म्हणता. मग तो 'एस' गेला कुठे?"

मंडळी, इतका चांगला प्रश्न मला उभ्या नोकरीत फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला. व्याकरणाचं पुस्तक फक्त एवढंच सांगतं की 'डज नॉट'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. येतं म्हणजे येतं! का येतं, ते विचारायचं नाही. पण पोराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते दोन ठिकाणी सापडतं, एक इंग्रजांच्या इतिहासात आणि दुसरं आपल्या जिभेवर.

आधी इंग्रजांचं बघू.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'डू नॉट' नव्हतंच. नकार द्यायचा तर क्रियापदाच्या आधी 'ने' ठेवत. 'मी म्हणत नाही' हे त्या काळी साधारण 'इच ने सेज्जे' असं असे. हा 'ने' म्हणजे आपल्या 'न'चा भाऊबंद. संस्कृतातला 'न' आणि जुन्या इंग्रजीतला 'ने' एकाच मूळ शब्दातून आले, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. पुढे नुसत्या 'ने'चा जोर कमी पडू लागला. आपण नाही का, 'नाही'ने भागत नसलं की 'मुळीच नाही', 'काहीएक नाही' म्हणतो? तसं त्यांनी वाक्यात मागे 'नॉट' जोडला. त्याचा मूळ अर्थच मुळी 'काही नाही' असा. मग 'ने' आणि 'नॉट' दोन्ही राहिले. हळूहळू पुढचा 'ने' गळाला आणि मागचा 'नॉट' एकटा उरला. झालं 'आय से नॉट'. ओट्टो येस्पर्सन नावाच्या डेन्मार्कच्या पंडिताने १९१७ साली नकाराच्या या प्रवासावर आख्खं पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, नकाराचा शब्द झिजतो, त्याला टेकू लागतो, आणि शेवटी टेकूच खांब होऊन बसतो. (शब्द माझे, मुद्दा त्याचा.)

मग मध्येच हा 'डू' कुठून आला? पंधराव्या आणि सोळाव्या शतकात तो वाक्यांत शिरू लागला. का शिरला यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. अल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने जुन्या इंग्रजी ग्रंथांतली 'डू'ची वाक्यं अक्षरशः मोजून काढली आणि १९५३ साली ती आकडेवारी छापली. त्यात गंमत अशी दिसते की 'डू' सरळ वाढत गेला नाही. नकारार्थी वाक्यांत तो वाढला, सोळाव्या शतकाच्या शेवटी थोडा मागे हटला आणि पुन्हा वाढला. म्हणजे आख्खा देश 'डू घालू की नको' अशा विचारात तीनशेएक वर्षं होता! शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रूपं शेजारी शेजारी सापडतात. १६११ साली इंग्लंडात राजाज्ञेने बायबलचं जे भाषांतर निघालं, त्यात जुनं 'नो नॉट' जागोजागी आहे.

आता जरा आपल्याकडे वळा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० सालच्या शेवटच्या दिवसाची. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी निघाला. त्याची वाट नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरकडे जाणारी. त्याच्या आधी पाच वर्षं विल्यम फिंच नावाचा कंपनीचा माणूसही याच वाटेने गेला होता. म्हणजे आमच्या सातपुड्याच्या पायथ्याने जे पहिलेवहिले इंग्रज गेले, ते शेक्सपिअरच्याच पिढीचे. शेक्सपिअर वारला १६१६ साली. 'मला ठाऊक नाही' हे त्या काळचा इंग्रज 'आय नो नॉट' असंही म्हणे आणि 'आय डू नॉट नो' असंही, त्याचं त्यालाच पक्कं नव्हतं. आणि त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी त्याच डोंगराच्या माथ्यावर एक पावरा पोरगा 'ही नॉट गो' लिहितो म्हणून त्याला फुली!

बरं, तो 'एस'सुद्धा इंग्लंडात सगळीकडे सारखा नव्हता. लंडनकडे पूर्वी 'ही गोज'च्या जागी 'ही गोएथ' असं म्हणत. 'एस' हा उत्तरेकडच्या बोलीतला. तो खाली सरकत आला आणि सतराव्या शतकात त्याने जुन्या रूपाला हुसकावून लावलं. इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोकच्या बाजूला, तर जुन्या बोलीत 'एस' लावतच नाहीत. तिथला शेतकरी 'ही गो' म्हणतो. आमच्या वर्गात तो नापास झाला असता!

आता पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. 'डू' वाक्यात आला तो नुसता बसायला आला नाही. कारभारी म्हणून आला. काळ कोणता, कर्ता कोण, हे दाखवायचं काम त्याने मुख्य क्रियापदाकडून स्वतःकडे घेतलं. त्यामुळे 'गोज'मधला 'एस' उठला आणि 'डू'ला जाऊन चिकटला. 'डू'चं 'डज' झालं. 'एस' हरवलेला नाही, त्याने घर बदललंय. आणि घर बदलल्यावर कुणी जुन्या घराचं भाडं भरत नाही. म्हणून 'ही डज नॉट गोज' होत नाही.

एवढ्यावरही मुलांचं समाधान झालं असतं. पण गंमत पुढेच आहे. हाच खेळ आपण मराठीत रोज खेळतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा:

तू जातोस. तू जात नाहीस.
तो जातो. तो जात नाही.
ती जाते. ती जात नाही.
ते जातात. ते जात नाहीत.

दिसलं? 'जातोस'च्या शेवटचा 'स' कुठे गेला? 'नाही'ला जाऊन चिकटला, 'नाहीस' झाला. 'जातात'चा शेवटचा 'त' कुठे गेला? 'नाहीत'मध्ये. आणि मुख्य क्रियापद काय उरलं? नुसतं 'जात'. कर्ता कुणीही असो, 'जात'. अगदी इंग्रजीतल्या 'गो'सारखं उघडंबोडकं! इतकंच काय, 'जातो' आणि 'जाते' यांतला पुरुष-बाईचा भेदही नकारात गळून पडतो. कुठलाही मराठी माणूस 'तू जातोस नाहीस' म्हणत नाही. म्हणजे 'डज नॉट गोज' का चूक आहे, हे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला आतून ठाऊकच आहे. फक्त कुणी दाखवून दिलेलं नसतं.

एक इशारा देतो, नाहीतर कुणी पंडित मला धरेल. इंग्रजीचा 'एस' 'तो'चा आहे, आपला 'स' 'तू'चा. दोन्हीकडे 'स' आहे हा योगायोग समजा. पण प्रत्यय मुख्य क्रियापदावरून उठून मदतनीसावर जाऊन बसतो, हा व्यवहार मात्र दोन्हीकडे एकच.

आणि आपली 'नाही'सुद्धा काही कमी जुनी नाही बरं का. व्याकरणकार तिची फोड 'न' अधिक 'आहे' अशी करतात. म्हणजे तिच्या पोटात एक क्रियापद आहे, म्हणून तर तिला 'नाहीस', 'नाहीत' असे प्रत्यय लागतात. इंग्रजीच्या 'नॉट'ला प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे त्या बिचाऱ्याला 'डू'चा खांदा घ्यावा लागतो. संतांच्या मराठीत 'न' क्रियापदाच्या पुढे येऊन त्यात मिसळून जाई. 'नेणे' म्हणजे न जाणे, 'नसे' म्हणजे न असे, 'नलगे' म्हणजे न लगे. जुन्या इंग्रजीतही अगदी असंच होतं, 'ने' आणि 'विल' मिळून 'निल'. आजच्या 'विली-निली' या शब्दात तो 'निल' उरलाय. आपल्याकडे जुना 'न' 'न सांगता', 'न बोलता' यांत अजून जिवंत आहे. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि वळणं किती सारखी!

हे सगळं मी वर्गात सांगायचो का? छे! येस्पर्सन आणि एलेगोर्ड मला कळले ते निवृत्तीनंतर, मुलाने घरी इंटरनेट घेऊन दिल्यावर. वर्गात मी फक्त फळ्याचे दोन भाग करायचो. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ही काही माझी युक्ती नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं तेव्हा तेही असंच, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. डावीकडच्या वाक्यांत उठलेल्या अक्षराला गोल करायचा आणि ते जिथे जाऊन बसलं तिथे बाण काढायचा. मग उजवीकडेही तेच. बाण काढायला पोरांमध्ये भांडणं लागायची.

पण इथे एक अडचण होती. मराठी हीच ज्याची शाळेत आल्यावरची भाषा, त्याला 'जात नाहीस' तरी कुठे सवयीचं? लहान वर्गातली पावरा मुलं मराठीतसुद्धा 'ते जातात नाही' असं काहीतरी लिहून आणत. मग मी विचारायचो, "तुमच्या घरी कसं म्हणतात?" आधी वर्ग गप्प. मग मागून कुणीतरी हळूच सांगायचं. ते फळ्याच्या तिसऱ्या भागात देवनागरीत लिहिलं की आधी हशा पिकायचा, आणि नंतर एकदम शांतता. आपली बोली फळ्यावर लिहिता येते, हे पोरांनी पहिल्यांदाच पाहिलेलं असायचं. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-सर्वेक्षणात भिल्ली बोलींचा खंड १९०७ साली छापून निघाला, त्यात पावरीही आहे. पण तो खंड ग्रंथालयात राहिला, आमच्या फळ्यापर्यंत आला नाही. पुढे १९९० नंतर नर्मदाकाठच्या गावांत आंदोलनाने जीवनशाळा काढल्या आणि मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

आता थोडं आपल्या शाळांच्या इतिहासाविषयी. इंग्रज खानदेशात राज्यकर्ते म्हणून आले ते १८१८ साली. त्याच्या आधीच, १८०५ साली, विल्यम कॅरीने श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं होतं, साहेबांना मराठी शिकता यावी म्हणून. म्हणजे 'नाही, नाहीस, नाहीत' करताना साहेबांनाही घाम फुटला असणार! मग १८३५ साली मेकॉलेचा ठराव आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि पारडं फिरलं. आता घाम आपल्या पोरांना. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाताशी घेऊन पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करायला सांगायचं. आज त्या पद्धतीला नावं ठेवतात. पण तिच्यात एक गोष्ट चांगली होती, मराठी आणि इंग्रजी वाक्य मुलाच्या डोळ्यांसमोर एकत्र असायचं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढलं आणि आठवीपासून ठेवलं. हेतू चांगलाच होता, मातृभाषेला मान मिळावा. पण तेव्हा एस. एस. सी. अकरावीला असे. म्हणजे चार वर्षांत सगळं इंग्रजी! आमच्या थोरल्या भावंडांची पिढी ती. शहरातल्या मुलाला घरी कुणीतरी शिकवणारं भेटायचं. खेड्यातल्याचं काय? इंग्रजीत गेला की घरी परत, शेतावर. पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीत आलं. १९५८ साली हैदराबादला इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र शिकवणारी केंद्रीय संस्था निघाली. वाक्यरचनांचे तक्ते आले, एका रकान्यात 'ही, शी, इट', दुसऱ्यात 'डज नॉट', तिसऱ्यात 'गो, ईट, रीड'. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. आणि २००० सालच्या जूनपासून, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हा किती वादळ उठलं होतं, आठवतं ना? मराठी बुडणार म्हणून लेखांवर लेख येत होते.

माझं मत विचाराल तर आठवी, पाचवी की पहिली, हा वाद महत्त्वाचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचं हे की ज्या दिवशी सुरू कराल, त्या दिवशी मुलाकडे आधीच काय आहे ते बघता की नाही. तक्त्यांतून 'डज नॉट गो' पाठ व्हायचं. पण तक्त्यात 'का'चा रकाना नव्हता.

पुस्तकातली वाक्यंही अशी की 'ही डज नॉट गो टू द पार्क'. तोरणमाळला कुठला पार्क? मग आम्ही आमची वाक्यं करायचो. 'माय फादर डज नॉट गो टू शहादा.' 'इट डज नॉट रेन इन मार्च.' एकदा मी सांगितलं, 'द गोट डज नॉट ईट पेपर.' लगेच एक मुलगी ओरडली, "खाते सर! माझी वही खाल्ली!" तिला सांगितलं, मग बाई तू 'एस' जागेवरच ठेव, 'द गोट ईट्स पेपर.' त्या दिवशी आख्ख्या वर्गाला होकार आणि नकार यांतला फरक कायमचा कळला.

जाता जाता आणखी एक बारकावा, नातवंडांना शिकवणाऱ्यांसाठी. आपण 'तो शाळेत जात नाही' म्हणतो तेव्हा ती कायमची गोष्ट असते, तिथे 'डज नॉट गो'. आणि 'तो आत्ता जात नाहीये' म्हणतो, तिथे 'इज नॉट गोइंग'. शेवटच्या त्या 'ये'वर लक्ष ठेवलं की पोरांचा निम्मा घोटाळा मिटतो. आणि 'ॲम, इज, आर, कॅन' यांना 'डू' लागत नाही, कारण ती आधीपासूनच कारभारी मंडळी आहेत, त्यांनी 'नॉट' थेट जवळ ठेवायची जुनी रीत सोडलेली नाही.

निवृत्तीनंतर वाचलेल्यातली एक गोष्ट तर मला फार दिलासा देऊन गेली. इंग्रजी आईबापांची लहान मुलं सुद्धा सुरुवातीला 'नो सिट' अशी वाक्यं बोलतात. क्लिमा आणि बेलुगी या अमेरिकन अभ्यासकांनी १९६६ साली याच्या पायऱ्या नोंदवल्या. स्पॅनिश बोलणारे लोक अमेरिकेत इंग्रजी शिकतात, त्यांचाही अभ्यास १९७५ साली झाला. त्यांच्याही पायऱ्या जवळपास त्याच. आधी 'नो गो', मग सरसकट सगळ्यांना 'डोन्ट', आणि शेवटी कधीतरी 'डजन्ट'. पिट कॉर्डर नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने तर १९६७ सालीच लिहून ठेवलं होतं की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याचं अज्ञान नव्हे, तो मनातल्या मनात नियम बनवतो आहे याची ती खूण आहे. म्हणजे बोस्टनचं बाळ, मेक्सिकोचा मजूर आणि तोरणमाळचा पावरा पोर एकाच घाटाने चढतात. पायरी सगळ्यांना तीच. फक्त आमच्या पोराला प्रत्येक पायरीवर कुणीतरी 'ढ' म्हणत असतं.

एकदा एक साहेब तपासणीला आले. वर्गात शिरले आणि इंग्रजीतून काहीतरी भराभर विचारलं. अशा वेळी आमची मुलं माना डोलावतात. कुणीही मोठा माणूस काही म्हणाला की 'हो सर'. डोंगरातल्या माणसाला वरच्याला 'नाही' म्हणायची सवय नसते, ती त्याला परवडलेलीच नसते. कागदावर अंगठा उठवतानाही तो 'हो'च म्हणत आलेला. पण त्या दिवशी तोच मुलगा, 'एस' कुठे गेला विचारणारा, उठला आणि म्हणाला, "सर, आय डू नॉट अंडरस्टँड." साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'एवढंही समजत नाही?' असं काहीसं पुटपुटून ते पुढच्या वर्गाकडे गेले. मला मात्र त्या वर्षीच्या निकालापेक्षा त्या एका वाक्याचा आनंद जास्त झाला.

मला समजत नाही. आम्हाला हे मान्य नाही. माझ्या बापाने यावर सही केलेली नाही. हे ज्याला बोलता येतं, त्याला कुणी सहज फसवू शकत नाही. इंग्रजीतले होकार पोरं आपोआप शिकतात, बाजार शिकवतो, मोबाईल शिकवतो. नकार शिकवावा लागतो.

असो. फारच लांबलं आज. तुमच्या घरात कुणी नातू-नात 'ही डज नॉट गोज' लिहून आणत असेल, तर ओरडू नका. त्याला जवळ बसवा, 'तू जातोस' आणि 'तू जात नाहीस' म्हणायला लावा आणि 'स' शोधायला सांगा. दोन मिनिटांत सापडतो. आणि तुमच्या लहानपणी हा धडा कुणी कसा शिकवला, ते मला जरूर कळवा. घरात अहिराणी, कोकणी, वऱ्हाडी, कानडी काहीही बोलत असाल, तर तुमच्या बोलीत 'नाही' म्हटल्यावर कुठलं अक्षर कुठे जाऊन बसतं तेही लिहा. माझ्या वहीत पानं बरीच शिल्लक आहेत.